राजाने मागून घेतलेला चहा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी शालिनी पॅलेस नावाची देखणी वास्तू उभी आहे. १९३१ ते १९३४ या काळात ती बांधली गेली आणि राजघराण्यातील शालिनीराजे यांचे नाव तिला देण्यात आले. १९८७ साली त्या वाड्यात हॉटेल सुरू झाले. मी तेव्हा नुकताच सेमिनरीत दाखल झालो होतो. पुढे एका सुटीत आमच्या एका स्नेह्यांनी मला तिथे दुपारच्या चहाला नेले. पांढऱ्याशुभ्र कपबश्या, वेगळ्या भांड्यात दूध, वेगळ्या भांड्यात साखर, चिमट्याने उचलायचे साखरेचे चौकोनी खडे आणि खिडकीबाहेर उतरत्या उन्हात चमकणारे रंकाळ्याचे पाणी, असा सारा थाट होता. स्नेही कौतुकाने म्हणाले, "याला म्हणतात राजेशाही चहा!"

त्या वेळी मीही मान डोलावली. पुढे इतिहासाची पाने चाळताना ध्यानात आले, की कोल्हापूरचा खरा राजेशाही चहा तो नव्हेच. या नगरीच्या सर्वांत थोर राजाने आवर्जून घेतलेला चहा एका साध्या दुकानातला होता. त्या दुकानात चिमट्याने उचलायची साखर नव्हती. त्या चहाची हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. परंतु तिथे पोहोचण्यापूर्वी चहाचा आपल्यापर्यंतचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

एका राणीचे आंदण

चहा मूळचा चीनचा. युरोपीय लोकांना त्याची ओळख करून देणाऱ्यांत आपल्या ख्रिस्तसभेचे मिशनरीही होते. गास्पार दा क्रुझ या पोर्तुगीज डॉमिनिकन धर्मगुरूने चीनविषयी लिहिलेल्या ग्रंथात सोळाव्या शतकातच या पेयाचा उल्लेख केला आहे. पाहुणा घरी आला की चिनी माणूस त्याच्यापुढे हे ऊन पेय ठेवतो, हे त्याने टिपून ठेवले. म्हणजे त्याच्या लेखणीतून युरोपला चहाची ओळख झाली ती आतिथ्याची खूण म्हणूनच.

इंग्लंडच्या दरबारात चहाला प्रतिष्ठा मिळाली तीही एका कॅथलिक राजकन्येमुळे. पोर्तुगालची कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिचा विवाह १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला. लंडनमध्ये चहा त्यापूर्वीही मिळत असे. पण राणी रोज चहा घेते हे पाहून दरबारी स्त्रियांनी तो उचलला आणि औषधी काढ्यासारखे हे पेय प्रतिष्ठेचे झाले. याच विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. ज्या राणीने इंग्रजांना चहाची गोडी लावली, तिच्याच लग्नात आपली मुंबई त्यांच्या पदरात पडली! परक्या देशात, परक्या पंथाच्या दरबारात, खोटे आळ सोसूनही कॅथरीनने आपली कॅथलिक श्रद्धा अखेरपर्यंत सोडली नाही.

दुपारच्या चहाचा प्रघात मात्र त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पडला. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिला, रात्रीचे जेवण फार उशिरा होत असल्याने, दुपारी थकवा वाटू लागे. म्हणून ती आपल्या खोलीत चहा आणि पाव मागवू लागली, पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली. त्याच सुमारास आसामच्या मळ्यांतला चहा लंडनला पोहोचला. १८३९ साली तेथे त्याचा पहिला लिलाव झाला. पिकवणारे हात इथले आणि पिणारे ओठ तिथले, असा तो व्यापार होता. हळूहळू साहेबाच्या बंगल्यातून, क्लबातून आणि रेल्वेच्या फलाटावरून चहा आपल्या समाजात उतरला. आणि इथे त्याची गाठ एका अशा प्रश्नाशी पडली, जो बेडफर्डच्या डचेसला कधी पडला नव्हता. पाणी कोणाच्या हातचे?

पाण्याचा प्रश्न

आपल्याकडील जातिव्यवस्थेत अन्नाचे नियम होते, पण त्याहून कडक नियम पाण्याचे. फळ, सुका मेवा, तुपात तळलेला पदार्थ यांना थोडी सवलत असे, पाण्याला नाही. आणि चहा म्हणजे उकळलेले पाणीच. म्हणून चहाचा पेला हा केवळ चवीचा विषय राहिला नाही. तो कोणी केला, कोणत्या भांड्यात दिला, ते भांडे मागाहून कोणी विसळले, या प्रश्नांवर माणसाची प्रतिष्ठा तोलली जाऊ लागली. रेल्वे स्थानकांवर हिंदूंचा चहा वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा विकला जाई, ही गोष्ट स्वातंत्र्यापर्यंत चालू होती.

या प्रश्नाचा मोठा स्फोट झाला तो पुण्यात आणि तोही एका ख्रिस्ती मिशनच्या आवारात. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी पुण्यातील नामांकित मंडळी जमली होती. हे मिशन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे, अँग्लिकन पंथाचे. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी माणसे तिथे होती. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरून बाजूला ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी हे या प्रसंगामागचे सूत्रधार. त्यांनी हजर मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात एकच गदारोळ उडाला.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, बाजू मांडल्या गेल्या. लग्नकार्यात व श्राद्धपक्षात बहिष्काराची टांगती तलवार आली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली, मित्रांना होणारा त्रास टळावा म्हणून, प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे कठोर बोल ऐकून घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतही या प्रसंगाचा सल उमटलेला आहे. पुढे देशाच्या इतिहासावर आपली मुद्रा उमटवणारी ही माणसे एका पेल्यापुढे किती हतबल झाली होती!

त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात असाच एक प्रसंग आहे. संत पेत्र अंत्युखियास विजातीय बांधवांच्या पंक्तीला बसत असे. पण यरुशलेमहून काही माणसे येताच तो लोकभयाने पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. ज्याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या, त्या पेत्राचाही पाय पंक्तीपाशी अडखळला, हे आपण विसरू नये.

करवीरचा राजा

पुण्यातील या वादाची धग शमते न शमते तोच कोल्हापुरात दुसरा वाद पेटला. १८७४ साली जन्मलेले छत्रपती शाहू महाराज १८९४ साली राज्यकारभार पाहू लागले होते. १८९९ साली कार्तिकस्नानासाठी ते पंचगंगेवर जात असता पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे उघडकीस आले. त्याचे म्हणणे असे, की महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही. ज्या राजाच्या दरबारी शेकडो माणसे मुजरा करीत, त्याला स्वतःच्या नदीच्या घाटावर स्वतःच्याच पुरोहिताने पायरी दाखवली.

दुखावलेला माणूस पुष्कळदा आपल्याहून खालच्या माणसावर त्याचा सूड उगवतो. शाहू महाराजांचे मोठेपण हे, की त्या जखमेने त्यांना आपल्याहून अधिक जखमी असलेल्यांकडे पाहावयास शिकवले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. विविध जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. त्यांत आपल्या ख्रिस्ती मुलांचाही विसर पडू दिला नाही. १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा येथे अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम निघाले. १९२० च्या मार्च महिन्यात माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले.

पण हुकुमाने दार उघडते, मन उघडतेच असे नाही. हे महाराज जाणून होते. म्हणूनच गंगाराम कांबळे यांच्या चहाची गोष्ट मला त्यांच्या सगळ्या हुकुमांइतकीच मोलाची वाटते.

गंगाराम कांबळे यांचे दुकान

गंगाराम कांबळे हे महार समाजातील गृहस्थ महाराजांच्या पागेत नोकरीस होते. महाराज परगावी असताना, मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवल्याचा ठपका ठेवून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर गंगाराम यांनी आपली पाठ त्यांना दाखवली. महाराज संतापले, मारणाऱ्यांना त्यांनी कडक शिक्षा केली. एखादा न्यायी राजा इथेच थांबला असता. परंतु महाराजांनी पुढचा विचार केला. नोकरीत राहिल्यास गंगारामला पुन्हा त्याच लोकांत वावरावे लागेल, तेव्हा त्याने स्वतंत्र धंदा करावा, असे सांगून त्यांनी त्यासाठी पैसे दिले.

गंगाराम यांनी कोल्हापूरच्या भर वस्तीत, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचे दुकान थाटले. ही गोष्ट १९२० च्या आगेमागेची. त्याचे नाव त्यांनी 'सत्यसुधारक हॉटेल' असे ठेवले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे कोल्हापूर हे त्या काळी मोठे केंद्र होते. त्या विचाराची छाया या नावात स्पष्ट दिसते. आपल्या मराठीत 'हॉटेल' या शब्दाला मोठी गंमत आहे. इंग्रजीत तो उतरण्याच्या जागेसाठी वापरतात. आपल्याकडे बाकडे, चूल, किटली आणि चार कपबश्या एवढ्यावरही हॉटेल उभे राहते. गंगाराम यांचे हॉटेल असे साधेच, पण स्वच्छतेबद्दल आणि चहाच्या चवीबद्दल त्याचा लौकिक होता. तरीही बाकडी रिकामी राहत. वरच्या जातींची माणसे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जात. पाण्याचा प्रश्न इथेही आडवा आला होता.

ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. त्यांनी कोणाला दरडावले नाही. 'गंगारामकडे चहा प्या' असा हुकूम काढला नाही. ते स्वतः जाऊ लागले. आपली घोडागाडी ते बरोबर त्या दुकानासमोर थांबवीत आणि भर रस्त्यात गंगारामला हाक मारून चहा आणावयास सांगत. महाराज स्वतः तो चहा घेत, आणि गाडीतल्या सोबत्यांनाही देत. त्या सोबत्यांत ब्राह्मण असत, मराठे असत, सरदार असत. राजाने पेला ओठाला लावल्यावर तो नाकारणार कोण? कामासाठी भेटावयास आलेल्यांना महाराज आधी गंगारामचा चहा पाजीत आणि मग कागदावर सही करीत, असेही कोल्हापुरात सांगतात.

क्षणभर ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे. रस्त्यावर माणसे थबकलेली आहेत. गाडीत धिप्पाड देहाचे छत्रपती बसले आहेत. ज्या हातांनी पाण्याला स्पर्श केला म्हणून मार खाल्ला, त्याच हातांनी गंगाराम कांबळे पाणी उकळून, पेल्यात भरून, ते राजापुढे धरीत आहेत. आणि राजा ते घेत आहे. पागेतल्या त्या अपमानाला याहून चोख उत्तर दुसरे कोणते असू शकेल?

१९२२ च्या मे महिन्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते सरदारांनी किंवा सरकारने उभारले नाही. ते उभारले गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी.

देणे आणि घेणे

या प्रसंगाचा मी जसजसा विचार करतो, तसतशी एक गोष्ट मनात पक्की होत जाते. महाराजांनी गंगारामला पैसे दिले, ते औदार्य होते. पण औदार्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दुकान सुरू झाल्यावर महाराजांनी उलटी कृती केली. ते घेणारे झाले. त्यांनी गंगारामला यजमान केले आणि आपण पाहुणे झाले. दान देऊन माणसाचे पोट भरते. त्याच्या हातचे घेतल्याने त्याची मान ताठ होते.

आपल्या प्रभूने नेमके हेच केले नव्हते काय? याकोबाच्या विहिरीपाशी भर दुपारी तो थकून बसला. शोमरोनी स्त्री पाणी भरावयास आली. यहुदी लोक शोमरोन्यांची भांडी वापरीत नसत. प्रभूजवळ पोहरा नव्हता, म्हणजे त्याला प्यावयाचे होते ते तिच्याच भांड्यातून. जिवंत पाणी देणाऱ्याने संभाषणाची सुरुवात देण्याने केली नाही, मागण्याने केली. तिला नवल वाटले ते याचेच. जक्कयाच्या बाबतीतही तसेच घडले. त्याला प्रभूने उपदेश केला नाही, दान मागितले नाही. तुझ्या घरी मला उतरायचे आहे, एवढेच सांगितले. त्याचे मन पालटले ते घरात पाहुणा आल्यानंतर.

शाहू महाराज ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ओढूनताणून आपल्या गोटात आणण्याचे कारण नाही. पण शुभवर्तमानाचा हा धडा भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी गिरवला, हे मान्य करण्यात आपला कमीपणा नाही. कमीपणा असलाच तर तो दुसरीकडे आहे.

आपल्या घरातला कप

जातिभेद हा इतरांचा आजार आणि आपण त्यापासून मुक्त, असा आपला समज असतो. इतिहास तसे सांगत नाही. दक्षिणेत कित्येक चर्चमध्ये दलित ख्रिस्ती बांधवांना बसण्याची जागा वेगळी होती, काही ठिकाणी दफनभूमीही वेगळी. गोव्यातील कॉन्फ्रारियांमध्ये जातीनुसार मानपान ठरत असे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ साली तामिळनाडूच्या महागुरुस्वामींना याविषयी स्पष्ट शब्दांत बजावले. भारतीय बिशप परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना, ख्रिस्तसभेतही हा भेद अस्तित्वात असल्याची कबुली दिली.

पण मी दूरच्या गोष्टी कशाला सांगू? आमच्या घरी, मागील दाराजवळच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असे. शेतावर येणाऱ्या गड्यांना त्यात चहा मिळे. ते स्वतः तो विसळून पुन्हा पालथा घालीत. आई सायंकाळी त्याच दाराशी आम्हां भावंडांना घेऊन रोझरी म्हणे. त्या कपाचा आणि रोझरीचा काही संबंध आहे, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही.

पुढे धर्मगुरू झालो. घरे आशीर्वादित करण्यासाठी धर्मग्रामात फिरताना प्रत्येक घरी चहा होतो. फादरांसाठी शोकेसमधले सोनेरी काठाचे कप निघतात. अशाच एका सधन घरी मी पाटावरच्या येशूच्या तसबिरीसमोर प्रार्थना म्हणत होतो. मागील दाराच्या पायरीवर भांडी घासणारी बाई चहा घेत बसली होती. तिच्या हातातल्या कपाला कान नव्हता. मी पाहिले आणि काही बोललो नाही. यजमान उदार होते, चर्चच्या कामाला सढळ हाताने देत. मला त्यांचे मन दुखवायचे नव्हते. पेत्राच्या पंक्तीत मी त्या दिवशी जाऊन बसलो.

ती बाई आमच्याच धर्मग्रामातली, मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारी. काही दिवसांनी तिच्या वस्तीत गेलो असता मी तिच्या दाराशी थांबलो आणि म्हणालो, "मावशी, आज तुमच्याकडचा चहा घ्यायचा आहे." ती गोंधळली. "फादर, आमच्याकडचा घ्याल?" असे म्हणून तिने पदराने खाट झटकली आणि नातवाला शेजारी पिटाळले. तो शेजारच्या घरून एक कप घेऊन आला. गुळाचा, बिनदुधाचा चहा होता. ती उभीच राहिली, मी पिईपर्यंत. मग मी तिला बसावयास सांगितले आणि तिनेही स्वतःसाठी थोडा ओतून घेतला. त्या दिवसानंतर ती मला रस्त्यात भेटली की आधी तीच हाक मारते. पूर्वी खाली मान घालून जाई.

यात माझे कर्तृत्व काही नाही. झालीच असेल तर ती आधीच्या मौनाची किंचित भरपाई. सांगायचे एवढेच, की ज्या वेदीपुढे आपण सारे एकाच रांगेत उभे राहून एकच ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो, त्या वेदीचे नाते आपल्या स्वयंपाकघरातील फडताळाशी आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तेव्हा पौलाने त्यांना सांगितले, की हे प्रभूचे भोजन नव्हेच. आपल्याकडे आज उपाशी कोणी राहत नसेल. पण कप वेगळा राहतो.

उत्तम हॉटेलात बसून, सुरेख कपबश्यांतून चहा घेण्यात गैर काही नाही. रंकाळ्याकाठच्या त्या चहाची चव मला अजून आठवते. परंतु कोल्हापूरला जाणे झाले तर भाऊसिंगजी रस्त्यावरून एकदा सावकाश चालत जावे. जिथे एक राजा गाडी थांबवून चहा मागून घेत असे, तो हा रस्ता. आणि घरी परतल्यावर मागील दाराजवळचा कोनाडा तपासावा. तिथे एखादा कप पालथा असेल, तर तो उचलून बाकीच्या कपांत ठेवावा, आणि उद्या तो सोनेरी काठाचा कप कोणाच्या हाती जातो, याची चिंता करू नये.